बारावीनंतर पाच वर्षांचं एमबीए घ्यायचं की आधी बीकॉम-बीबीए करून मग एमबीए? इंदूरच्या मुलांसाठी

बारावीचा रिझल्ट लागला की सुदामा नगरातल्या आमच्या ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात, ताई पोरगं मॅनेजमेंट म्हणतंय, पाच वर्षांचं इंटिग्रेटेड घेऊ की सरळ बीकॉमला टाकू? दर वेळी तेच तेच सांगते, म्हणून आता एकदा लिहूनच टाकते.

इंटिग्रेटेड म्हणजे ग्रॅज्युएशन आणि एमबीए एकाच कोर्समध्ये. आधी बघा की पाच वर्षांचं म्हणजे कुठलं. राऊचं आपलं आयआयएम, त्यांनी 2011 मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स, आयपीएम, सुरू केला, सगळ्या आयआयएममध्ये पहिला, त्यात तीन वर्षं पाया पक्का करतात आणि शेवटची दोन वर्षं कॅट (ग्रॅज्युएशननंतरची एमबीएची प्रवेश परीक्षा) देऊन आलेल्या मुलांबरोबर एमबीए. देवी अहिल्या विद्यापीठाची आयआयपीएस ही संस्था आहे खंडवा रोडवर, तिथे सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेने ॲडमिशन होते आणि फी आयआयएमच्या मानाने खूपच कमी. आणि तिसरी म्हणजे प्रायव्हेट कॉलेजं. नाव तिघांचं इंटिग्रेटेडच पण तिन्ही एका तराजूत घालू नका.

आयपीएम डोक्यात असेल तर कोचिंगची फी भरायच्या आधी मुलाला किंवा मुलीला त्याच्या प्रवेश परीक्षेचा, आयपीमॅटचा, एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवायला बसवा. तीन सेक्शन, प्रत्येकी 40 मिनिटं, त्यातले दोन गणिताचे, आणि एकात तर ऑप्शनच नसतात, उत्तर स्वतः टाईप करायचं. अकरावीत गणित सोडलेल्या पोरांना हे जड जातं, आणि आत गेल्यावर पण गणित, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स सुटत नाही. वयाची अट पण असते, त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी विचारत नाही. तीन वर्षांनी बाहेर पडायचं झालं तर हातात काय मिळेल? माझ्या भाच्याचं सांगते, एका प्रायव्हेट कॉलेजात पाच वर्षांचं घेतलं, तिसऱ्या वर्षी त्याला कळलं की आपल्याला सीएकडे जायचंय, तर ऑफिसवाले म्हणाले मधली डिग्री देत नाही, पाच वर्षं पूर्ण करा नाहीतर बारावी पासच. ॲडमिशनच्या वेळी तोंडी सांगितलं होतं की मिळते. बिचाऱ्याने दोन वर्षं नुसती काढली, त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, अजून त्याचं वाईट वाटतं. म्हणून विचारा, डिग्री कोणतं विद्यापीठ देणार, तीन वर्षांनी कोणती देणार, आणि उत्तर लेखी घ्या. सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय वीस वर्षांच्या मुलाला बदलावासा वाटू शकतो, त्यात त्याची चूक नाही.

पैशाचं गणित पण मांडा. एज्युकेशन लोनला शिकत असताना हप्ता नसतो पण व्याज लागत राहतं, इंटिग्रेटेडमध्ये पहिल्या वर्षी घेतलेल्या रकमेवर पाच वर्षं, आणि बीकॉम कमी फीत आटोपून फक्त एमबीएला लोन घेतलं तर दोनच वर्षं. हॉस्टेल-मेस धरून पाचही वर्षांचा आकडा मागा, पहिल्या वर्षाच्या फीवर भुलू नका.

रेग्युलर रस्त्यात कॅटची टांगती तलवार आहे हे खरं. जनरलला ग्रॅज्युएशनमध्ये 50 टक्के लागतात, आणि दहावी-बारावीचे मार्क पण बऱ्याच आयआयएम शॉर्टलिस्टला धरतात. पण मध्ये दोन वर्षं नोकरी करता येते, तो अनुभव ॲडमिशनलाही आणि पुढे प्लेसमेंटलाही कामी येतो, इंटिग्रेटेडवाला मात्र बावीस-तेवीसला अनुभवाशिवाय इंटरव्ह्यूला बसतो. बीबीए घेणार असाल तर 2024-25 पासून ते एआयसीटीई या तंत्र-व्यवस्थापन शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आलंय, कॉलेजकडे मंजुरी आहे का बघा.

माझं मत स्पष्ट आहे. आयआयएमचा आयपीएम मिळत असेल आणि गणित आवडत असेल तर डोळे मिटून घ्या. मुलाचं मॅनेजमेंटचं पक्कं असेल आणि घरचं बजेट बेताचं असेल तर आयआयपीएस चांगलं. प्रायव्हेटला पाच वर्षं बांधून घ्यायची माझी तरी हिंमत होत नाही, त्यापेक्षा आपलं बीकॉम बरं.

आणि फी भरायच्या आधी एक दिवस काढून कॉलेजच्या बाहेर चहाच्या टपरीवर चौथ्या वर्षाची दोन-तीन मुलं गाठा, पहिल्या वर्षाची नकोत, आणि विचारा की तुमच्या बॅचमधली किती जणं सोडून गेली आणि जाताना त्यांना काय कागद मिळाला.