जीएफपीच्या पेशी चालवण्याआधी फ्लो सायटोमीटर कसा लावून घ्यायचा

खानापूर, निपाणीकडून आमच्या बेळगावच्या लॅबमध्ये येणारी पोरं हमखास विचारतात, "अक्का, काल जीएफपीचा पीक इथं होता, आज तिथं कसा गेला?" फ्लो सायटोमीटर म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिचा उजेड मोजणारं मशीन, जीएफपी म्हणजे पेशीत हिरवं चमकणारं प्रोटीन, आणि पीक म्हणजे आलेखावरचं शिखर. पेशी बदलल्या की मशीन, हे ओळखता यावं म्हणूनच कॅलिब्रेशन करायचं.

लेझर चालू केल्यावर अर्धा तास मशीनला हात लावू नका. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते. मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं, तर सकाळचं कॅलिब्रेशन धरून चालू नका, पहिल्यापासून करा. शीथ फ्लुइड (पेशींना वाहून नेणारा द्रव) भरलंय का, लाइनमध्ये बुडबुडे आहेत का, तेही पाहून घ्या.

मग रेनबो बीड्स (ठराविक उजेडाचे बारीक मणी) चालवा, स्लो फ्लो रेटवर. आठ पीकचे बीड्स असतील तर प्रत्येक पीकचा मीडियन (मधली किंमत) आणि सीव्ही (पीक किती पसरलाय ते सांगणारा आकडा) वहीत लिहा. सेटिंग तीच असताना पीक सरकला किंवा सीव्ही रुंदावला, तर आधी फ्लो सेल धुवा, मगच सॅम्पल लावा. बीड्सबरोबर आलेल्या तक्त्यातल्या एमईएफएल (उजेडाचं प्रमाणित एकक) किमती आणि तुमचे मीडियन दोन्ही लॉगवर मांडले की सरळ रेघ यायला हवी. सगळ्यात मंद पीक रेघेवरून सुटतात, तिथं मशीनचा स्वतःचा नॉइज बोलत असतो. एक ध्यानात ठेवा: बीड्सचा रंग म्हणजे जीएफपी नव्हे. हे आकडे तोच लेझर, तोच फिल्टर असेल तरच एकमेकांशी ताडता येतात.

डिटेक्टरचं व्होल्टेज (उजेड किती वाढवून दाखवायचा ते ठरवणारं) मात्र बीड्सवर ठरवू नका, आपल्याच पेशींवर ठरवा. जीन न घातलेल्या, त्याच फ्लास्कमधून वाढवलेल्या पेशी घ्या. त्यांचा ऑटोफ्लुओरेसन्स (पेशींचा स्वतःचा उजेड) नॉइजच्या जरा वर दिसावा आणि सगळ्यात उजळ पेशी स्केलच्या आत राहाव्यात. ईजीएफपीला (जीएफपीचा जास्त उजळ प्रकार) ४८८ नॅनोमीटरचा लेझर आणि ५३०/३० चा फिल्टर उत्तम. एमचेरी (लाल चमकणारं प्रोटीन) वापरणार असाल तर आधी मशीनमध्ये ५६१ चा लेझर आहे का विचारा. ४८८ वर ती इतकी मंद दिसते, की पोरं क्लोनिंगलाच दोष देत बसतात.

एकदा व्होल्टेज ठरलं की त्याला हात नाही. त्याच व्होल्टेजवर बीड्स पुन्हा चालवा. उद्या जुळवायची आहे ती हीच नोंद.

कॉम्पेन्सेशनला (एका रंगाचा शेजारच्या चॅनेलमध्ये सांडलेला उजेड वजा करायला) अँटिबॉडी पकडणारे बीड्स चालत नाहीत, ते जीएफपी धरत नाहीत. फक्त जीएफपी असलेल्या आणि फक्त एमचेरी असलेल्या पेशी वेगवेगळ्या हव्यात, आणि त्या सॅम्पलइतक्या तरी उजळ हव्यात. शेजारच्या चॅनेलमध्ये पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हचा मीडियन सारखा आला की कॉम्पेन्सेशन बसलं. ठिपक्यांच्या दोन्ही ढगांची रुंदी सारखी करायच्या मागे लागू नका, ती होत नाही. पॉझिटिव्हचा ढग पसरणारच.

मेलेल्या पेशी वेगळ्या काढायला एमचेरीबरोबर पीआय (मेलेल्या पेशीत शिरणारा लाल रंग) घालू नका, दोघांचा लाल एकमेकांत मिसळतो. ४०५ चा लेझर असेल तर डापी (तसाच, पण निळा रंग) बरा. पेशी फिक्स करायच्याच (रसायनाने आहे तशा टिकवायच्याच) असतील तर पीएफएने (पॅराफॉर्माल्डिहाइडने) करा. मिथेनॉलने जीएफपीचा उजेड जातो. बफरचा पीएचही तपासा, आम्लाकडे झुकला की ईजीएफपी मंदावतो आणि दोष येतो मशीनवर.

वहीत तारीख, बीड्सचा लॉट नंबर, व्होल्टेज आणि खोलीचं तापमान लिहा. लॉट बदलला तर जुना आणि नवा एकाच दिवशी चालवा, नाहीतर मागची सगळी तुलना तिथंच तुटते.