कोकणातल्या गावावर भयकथा लिहायचीये? मग आधी गाऱ्हाणं ऐका

गावाकडची हॉरर स्टोरी म्हटलं की बरेच जण अमावस्या, पिंपळ आणि उलट्या पायांची हडळ इथूनच सुरुवात करतात आणि तिसऱ्या पानावर गाडी अडते, कारण हडळ दिसल्यावर पुढं काय हे ठरलेलंच नसतं. म्हणून आधी गावाचा एक नियम पकडा, भुताचं नंतर बघू.

नियम हवा तर सिंधुदुर्गातली गावपळण बघा. मालवण तालुक्यात आचऱ्याला दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाचा होकार, घेऊन अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातं, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी, पलीकडे झोपड्या घालून राहतात आणि परतायचा कौल झाल्याशिवाय कोणी घरात पाऊल टाकत नाही. तिथल्या लोकांसाठी हे आनंदाचे दिवस असतात हं, भजनं, फुगड्या, गप्पा सगळं रंगतं, म्हणून खऱ्या गावाचं नाव अजिबात वापरू नका, तुमचं गाव तुम्ही वसवा. पण ते रिकामं गाव डोळ्यासमोर आणा. चुली थंड, गोठ्यात दावी नुसती पडलेली, पहाट झालेली कळायला कोंबडासुद्धा नाही. आणि तुमच्या स्टोरीत एक जण मागे राहिलाय.

आता गाऱ्हाणं. देवळात एक जण 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरू करतो, गावाच्या अडीअडचणी एकेक करून देवापुढे मांडतो आणि प्रत्येक वाक्यावर सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. माझ्या मते याच्याइतकी तयार भीती कुठल्याच भुतात नाही. समजा मुंबईहून आलेला जावई गर्दीत उभा आहे, मालवणी त्याला अर्धीमुर्धीच कळते, मधेच कुठेतरी स्वतःचं नाव ऐकू येतं, आणि तोवर सगळ्यांबरोबर तोही 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळा झालेला असतो. इथे किंकाळी नको, विजा नकोत, लगेच पुढचं वाक्य घ्या.

गावकऱ्यांना व्हिलन करू नका, ही चूक सगळ्यात जास्त होते. मामी त्या जावयाला सोलकढी वाढते, अजून एक वाटी घे म्हणते, आणि तिची माया खरीच असली पाहिजे, तिला मनापासून वाटतंय की हे केलं नाही तर गाव बुडेल. गावाची राखण करणारा अदृश्य देवचार, म्हणजे राखणदार, त्याचंही तेच, तो गाव राखतो, त्याला फालतू भूत करून टाकलंत तर कोकणातला वाचक पुस्तक तिथेच मिटेल. नरबळीचा शॉर्टकटही टाळा, २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यामुळे आजच्या काळातली स्टोरी असेल तर वाचक पहिलं विचारणार, पोलीस कुठे होते?

शेवट कौलावर ठेवा. देवाच्या पाषाणावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्यात, प्रश्न विचारून झालाय, उजवी पडली तर होकार. घंटा थांबलीय, समईची वात तडतडतेय, उजवीकडची पाकळी कडेने सुटत सुटत खाली झुकलीय, जावई मामीकडे बघतो आणि मामी नजर खाली घालते. ती पाकळी पडायच्या आधी पेन खाली ठेवा.