रोजकीर्द आणि खतावणी: हॅम रेडिओची वही हाताने कशी लिहावी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी गेली सव्वीस वर्षं हिशेब लिहिते. रात्री जेवणं उरकली की गावभागातल्या घरी रेडिओसमोर बसते आणि दुसरी वही उघडते. त्या वहीत कुणाचं येणं-देणं नसतं. कुठल्या देशातलं कोण, किती वाजता, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर भेटलं आणि त्याला मी कशी ऐकू आले, एवढंच असतं. २००२ साली मला हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओ चालवण्याचा, परवाना मिळाला, तेव्हापासून ही वही मी हातानेच लिहीत आले आहे. नवीन परवाना घेतलेली मुलं विचारतात, "ताई, कॉम्प्युटर असताना वही कशाला?" मी वही त्यांच्या हातात देते. दहा-पंधरा पानं चाळून झाली की त्यांचा पुढचा प्रश्न असतो, "कशी ठेवायची?"

आधी वही घ्या. फुलस्केप आकाराचं दोन क्वायरचं रजिस्टर, जाड पुठ्ठा आणि कापडी पाठ. स्पायरलची वही घेऊ नका, तिचं पान ओढलं की निघतं आणि निघालेलं कळतही नाही. आपल्याकडच्या १९७८ च्या हौशी सेवा नियमांतसुद्धा नोंदवही बांधीव हवी, सुट्या पानांची नको, असंच म्हटलं होतं. पहिली नोंद करण्याआधी सगळ्या पानांना हाताने क्रमांक घाला. पहिल्या पानावर आपलं कॉलसाइन (म्हणजे आपल्या स्टेशनचं सांकेतिक नाव), पत्ता, परवान्याची मुदत, रेडिओ आणि अँटेना लिहा. दुकानात नवी वही दिवाळीत पूजा करून सुरू होते. रेडिओच्या वहीला मुहूर्तासाठी थांबवू नका. जुनी भरली की त्याच बैठकीत नवी उघडा आणि जुनीच्या शेवटच्या ओळीत "पुढे वही क्रमांक अमुक" असं लिहा.

समोरासमोरची दोन पानं मिळून एक पान धरा, म्हणजे रकाने ऐसपैस बसतात. डावीकडे तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, समोरच्याचं कॉलसाइन, फ्रिक्वेन्सी, मोर्स (टिंब-रेघांची लिपी) की आवाज, पॉवर, दिलेला रिपोर्ट, मिळालेला रिपोर्ट. उजवीकडे नाव, गाव, क्यूएसएल कार्ड (संपर्क झाल्याची पोच देणारं कार्ड) पाठवल्याची तारीख, आल्याची तारीख, आणि उरलेली सगळी जागा शेऱ्याला. शेऱ्याची जागा कधीही कापू नका.

रिपोर्टचे आकडे माहीत असतीलच: शब्द किती कळतात ते १ ते ५, सिग्नलची ताकद १ ते ९, आणि मोर्स असेल तर सुराची शुद्धता १ ते ९. स्पर्धेत सगळेच सगळ्यांना ५९ देतात, तिथे ते चालतं. एरवी जसं ऐकू आलं तसंच द्या आणि तसंच लिहा. ४३ होता तर ४३. दहा वर्षांनी त्या आकड्यावरून तुम्हालाच काहीतरी शोधायचं असेल.

आता वेळ. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वही यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाण वेळेत, लिहा. आपली घड्याळं यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असतात, हे पाठ असतं, पण पहाटे ते विसरतं. समजा १५ ऑगस्टला पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी तुम्हाला डब्ल्यू१एडब्ल्यू मिळालं. अमेरिकेतल्या हौशी संघटनेचं हे न्यूइंग्टनचं स्टेशन. वहीत वेळ जाईल २३:४०, आणि तारीख जाईल १४ ऑगस्ट. पहाटे साडेपाचच्या आतली प्रत्येक नोंद आदल्या तारखेची असते. १ जानेवारीच्या पहाटे तर वर्षसुद्धा मागचं लागतं.

पहिल्या वर्षी मी वेळ यूटीसीत लिहायची आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरची. बल्गेरियातल्या एका स्टेशनला मोठ्या हौसेने कार्ड पाठवलं. ते वर्षभराने परत आलं, वर "नॉट इन लॉग" असं लाल शाईत. त्यांच्या वहीत मी होते, पण एक दिवस आधी. ते कार्ड मी वहीतच चिकटवून ठेवलं आहे. त्यानंतर रेडिओशेजारी चोवीस तासांचं वेगळं घड्याळ यूटीसीवर लावून ठेवलं आणि त्याच्या काचेला लाल दोरा बांधला. भारतीय वेळ दाखवणारं कुठलंही घड्याळ बसल्या जागेवरून दिसणार नाही, असं पाहा. मनातल्या मनात साडेपाच तास वजा करायची वेळच येऊ देऊ नका. आणि रोजच्या पहिल्या ओळीत तारीख पूर्ण लिहा, वर्षासकट.

लिपीबद्दल माझी एक पद्धत आहे, पटली तर घ्या. कॉलसाइन मी इंग्रजी मोठ्या अक्षरांत, सुटं सुटं लिहिते. शून्याला तिरकी रेघ मारते, नाहीतर ते ओ होतं. झेडच्या पोटात आडवी रेघ, नाहीतर तो २ वाटतो. एस आणि ५, यू आणि व्ही, आय आणि १ या जोड्याही सांभाळा. मोर्सवर कानाचा घोळ वेगळाच असतो: एच म्हणजे चार टिंबं आणि ५ म्हणजे पाच, बी आणि ६ मध्ये एकाच टिंबाचा फरक, व्ही आणि ४ मध्येही तेच. शंका असेल तर त्या अक्षराखाली टिंब द्या आणि लगेच पुन्हा विचारा. दुसऱ्या दिवशी कुणाला विचारणार?

नावं मात्र मी देवनागरीत लिहिते. माणूस आपलं नाव आवाजात सांगतो, आणि आवाज धरायला आपली लिपी फार चांगली आहे. युर्गन, काझुओ, मिखाइल: दोन वर्षांनी तोच माणूस पुन्हा भेटला की वही पाहून मी त्याला त्याच्या उच्चाराने हाक मारते, आणि तो क्षणभर थांबतो. त्या थांबण्यासाठी मी बरंच काही केलं असतं.

खाडाखोडीचा नियम मला दुकानातल्या दिवाणजीकाकांनी शिकवला. मी नवीन होते, एका वक्कलाचं, म्हणजे मालाच्या एका लॉटचं, वजन चुकलं, आणि मी ब्लेडने आकडा खरवडत होते. त्यांनी ब्लेड काढून घेतलं. म्हणाले, "अगं, चुकलेलं दिसू दे. एक रेघ मार, वर बरोबर लिही, सही कर. खरवडलेल्या वहीची साक्ष कोर्टात चालत नाही." रेडिओच्या वहीलाही हाच नियम. व्हाइटनर नको, पान फाडणं नको, मधे कोरी ओळ सोडणं नको. पान अर्धवट सोडावं लागलं तर उरलेल्या जागेवर तिरकी रेघ ओढा.

मी परवाना घेतला त्या काळी वहीची ही साक्ष खरोखर लागायची. दुसऱ्या श्रेणीच्या परवानाधारकाला लघुलहरींवर बोलायची मुभा हवी असेल, तर आधी मोर्सवर १०० संपर्क झाल्याचा पुरावा द्यावा लागे. माझे ते शंभर संपर्क वही क्रमांक १ मध्ये आहेत. शंभरावी ओळ लिहिताना हात थरथरत होता, ते अक्षरावरून अजून कळतं.

कच्ची वही ठेवून मागाहून पक्की उतरवू नका. व्यापारात कच्चं-पक्कं चालतं कारण तिथे दोन माणसं ताडून पाहतात. इथे तुम्ही एकट्याच, आणि उतरवताना एक ओळ सुटली तर ती कायमची सुटली. सरळ पक्क्या वहीत, संपर्क चालू असतानाच लिहा. शेजारी एक चिठ्ठी असू द्या, अर्धवट ऐकलेल्या अक्षरांपुरती.

शेऱ्यात काय लिहायचं? तुम्हाला त्या घडीला जे दिसतं, ऐकू येतं ते. "वळीव, प्रचंड खरखर." "तार उत्तरेकडे सरकवली." अँटेना बदलली तर ती त्या तारखेच्या ओळीतच लिहा. घराबाहेरून बोललात तर ग्रिड लोकेटर, म्हणजे नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा संकेत, लिहा. सांगली-मिरज एमके७६ मध्ये येतं, दंडोबाचा डोंगरही. साताऱ्यात मात्र जपा. ७४ अंश पूर्व रेखांश साताऱ्याच्या अंगावरूनच जातो, म्हणून यवतेश्वरावरून बोललात तर एमके६७ आणि रेल्वे स्टेशनच्या बाजूला असाल तर एमके७७. नुसतं "सातारा" लिहिलंत तर पुढे कुणालाच ठरवता येणार नाही.

नुसतं ऐकलेलंही लिहा. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवर बोलत होत्या. अंदमान मिळावं म्हणून जगभरचे हॅम एकमेकांवर चढून हाका मारत होते. त्या गर्दीत माझा नंबर लागला नाही. माझ्या वहीत महिन्याच्या सुरुवातीला नुसती ऐकल्याची ओळ आहे, दिलेल्या रिपोर्टचा रकाना कोरा. मग २६ तारखेला त्सुनामी आली. त्यानंतर त्यांचं स्टेशन बेटांवरच्या माणसांची खुशाली कळवण्याच्या कामाला लागलं. मी कागद-पेन घेऊन बसले होते. त्या दिवसांची माझी पानं रकाने सोडून आडवी लिहिलेली आहेत. तशी पानं लिहायची वेळ आली तर निरोपाला क्रमांक द्या, कुणाकडून, कुणाला, किती वाजता, आणि पुढे कुणाकडे दिला हे लिहा. मजकूर शब्दशः घ्या. नावाचं स्पेलिंग दोनदा विचारा.

आता खतावणी. रोजकीर्दीत सगळं तारखेने लागतं, पण "इंडोनेशिया पूर्वी मिळालं होतं का?" हे तारखेवरून सापडत नाही. म्हणून एक छोटी अकारविल्हे वही वेगळी ठेवा. देशाला एक पान. त्यावर कॉलसाइन, बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा), आणि खा. पा., म्हणजे मुख्य वहीचा क्रमांक आणि पान. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, अर्ध्या तासात ही खतावणी होते. शंभर देशांच्या डीएक्ससीसी सन्मानासाठी अर्ज करायचा असेल तेव्हा हीच वही उघडावी लागते. कार्ड आलं की तेही इथे मांडा. नऊ बाय चौदा सेंटीमीटरचं कार्ड ब्यूरोमार्फत, म्हणजे हॅमची कार्डं गठ्ठ्याने पोचवणाऱ्या कचेरीमार्फत, यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, तोवर आठवणीवर विसंबता येत नाही. आता महिन्याअखेर मी रोजकीर्दीची पानं बघून कॉम्प्युटरवरही भरते आणि लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून पाहणाऱ्या ऑनलाइन वहीला पाठवते. तिथे दोन्ही बाजूंच्या वेळेत अर्ध्या तासापर्यंतचा फरक चालतो. तारीख चुकली तर चालत नाही.

पेन. हे मी शेवटी ठेवलं, कारण इथे माझं मोठं नुकसान झालं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही रेडिओ, बॅटरी आणि चालू वही घेऊन मिरजेला बहिणीकडे गेलो. जुन्या वह्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिल्या. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा त्या चिखलाच्या विटा झाल्या होत्या. चिकटलेली पानं मी ओढून उघडली नाहीत, ते शहाणपण सुचलं. वह्या सावलीत उभ्या केल्या, जशी पानं सुटतील तसे मधे जुने कोरे कागद घातले, ओले झाले की बदलले, पंखा लावला. ऊन दाखवलं नाही, उन्हात कागद वेडावाकडा होतो. महिना गेला.

बॉलपेनने लिहिलेलं सगळं वाचता आलं. त्याची शाई तेलकट असते, पाण्यात सुटत नाही. पेन्सिलने लिहिलेलं तर काल लिहिल्यासारखं होतं. पण २०११ ते २०१४ या काळात मी हौसेने जेल पेन वापरलं होतं. त्या वहीच्या प्रत्येक पानावर निळा ढग उरला.

सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं. डाग वाढले की २८ मेगाहर्ट्झचा बँड उघडतो आणि थोड्या पॉवरवर जग मिळतं. माझ्या वह्यांत २००२ ची पानं भरगच्च, २००८ ची रिकामी, २०१९ ची पुन्हा रिकामी, २०२४ ची दुथडी भरलेली. मधला २०१४ चा भर त्या निळ्या ढगांत गेला. २०२४ ची संध्याकाळ २०१४ च्या संध्याकाळीशेजारी ठेवून पाहावी असं फार वाटतं, आणि ते आता होणार नाही.

म्हणून बॉलपेनच वापरा. वहीत पेन बांधून ठेवा, म्हणजे हाताला दुसरं लागणार नाही. दर महिन्याच्या पानांचे फोनवर फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. कसर लागू नये म्हणून कप्प्यात वेखंडाचे तुकडे टाका.

माझ्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, रंग देताना मी ती पुसू दिली नाही. वह्यांची फळी आता त्या रेघेच्या दोन हात वर आहे. जून लागला की भरलेल्या वह्या झाकणाच्या प्लास्टिक पिंपात घालून मिरजेला जातात आणि दसऱ्याला परत येतात. चालू वही तेवढी रेडिओच्या पिशवीत असते.