ऑटोमॅटिक फॉर्च्युनर घाटात उतरवताना

आंबोलीसारखा लांब घाट उतरताना गिअर डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवू नका. दोन टनांहून जड गाडी, त्यात सात माणसं आणि सामान. ब्रेक तापले की पकड सुटत जाते, जळका वास येतो. गिअर लिव्हर एस मध्ये (गिअर आपण ठरवायचा तो मोड) ओढा किंवा स्टिअरिंगमागचं डावं, वजा खुणेचं पॅडल दाबत खालच्या गिअरवर या. वेग इंजिनच रोखतं. डी मध्येच पॅडल दाबलंत तर गिअरबॉक्स थोड्या वेळाने परत स्वतःच्या मर्जीने चालू लागतो, म्हणून लांब उतारावर एस बरा. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल? अजिबात नको.

उतारावर थांबताना ब्रेकवर पाय ठेवून आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पाय उचलून गाडी स्थिरावू द्या, पुन्हा ब्रेक दाबून शेवटी पी (पार्क). थेट पी टाकलात तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या छोट्या खिट्टीवर येतो, निघताना 'खट्' आवाज होतो तो त्याचाच.

सजावटीचं म्हणाल तर साइड स्टेप (दाराखालची पायरी) घ्या, आजी-आजोबा दुवा देतील. बुलबार (पुढच्या बंपरवरचे धातूचे दांडे) मात्र नको: 2017 च्या डिसेंबरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं, शिवाय धडकेत एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. मोठे अलॉय व्हील बसवायचेच असतील तर टायरसकट चाकाचा एकूण व्यास मूळचाच राहील असं बघा, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलतो.