बाईक घेऊन रत्नागिरीला राहायला येताय? मग आधी हे बघा

बदली झाली, नोकरी लागली, नाहीतर वर्क फ्रॉम होम घेऊन गावी परतायचं ठरवलं, कारण काहीही असो, पुण्या-मुंबईकडून इकडे राहायला येणाऱ्याबरोबर एक बाईक असतेच. सामानाचा टेम्पो ठरतो, गॅसचं ट्रान्सफर होतं, पोरांच्या शाळेची चौकशी होते आणि गाडीचं विचारलं की "ती काय, चालवत नेऊ". चालवत आणणं सगळ्यात सोपं आहे हो, इकडच्या हवेत ती टिकवणं हे खरं काम, आणि ते भाड्याचं घर बघायला येता त्याच दिवशी सुरू होतं. म्हणून उलटीकडून सांगतो, आधी घर, मग कागद, मग प्रवास.

घर बघताना पाणी, किचन ओटा, मोबाईलची रेंज बघालच, पण आत शिरण्याआधी गेटपाशी उभं राहून बघा की रात्री गाडी नक्की कुठे उभी राहणार. इकडे पुष्कळ घरं रस्त्यापासून खाली नाहीतर वर असतात, मधे जांभ्याची पाखाडी, म्हणजे सरळ पायऱ्याच, आणि मग तुम्ही घरात आणि गाडी वर रस्त्याला कुणाच्यातरी गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, चार महिने पावसात. मालक म्हणणार "लावा की खंयपण, कोण नेतोय हितं", आणि ते बरोबरही असेल, पण आपली भीती चोराची नाही, खाऱ्या वाऱ्याची आहे. मांडवी, भाट्ये, मिऱ्या, किल्ल्याची बाजू इकडे समुद्र जवळ, नाचणे, कुवारबाव, शिरगाव हे त्यामानाने आत. सी व्ह्यू म्हणून भाडं जास्त द्यायला तयार असाल तर द्या, फक्त त्या खिडकीतनं जो गार वारा येतो तोच खाली उभ्या गाडीच्या स्पोकना आणि नटबोल्टांना पण लागतो हे धरून चाला.

पत्र्याची शेड दिसली म्हणून लगेच खूश होऊ नका. इथला पाऊस वरून येतो त्यापेक्षा बाजूने जास्त येतो, जून-जुलैत पश्चिमेकडून अशी झड मारते की शेडखाली उभी असलेली गाडी एका बाजूने पूर्ण भिजलेली असते. शेडची पश्चिमेची बाजू ताडपत्रीने किंवा माडाच्या झापांनी बंद करता येईल का ते मालकांना आधीच विचारा. जुन्या घराची पडवी मिळाली तर उत्तमच, पण गाडी आत घ्यायला पायरीवर एक लाकडी फळी टाकावी लागेल, आणि ऑइलचा एक थेंब जरी सारवलेल्या जमिनीवर पडला तर आजींच्या तोंडचं ऐकावं लागेल त्याची तयारी ठेवा, खाली पुठ्ठा घाला. अंगण मातीचं असेल तर पावसात साइड स्टँड रुततो आणि रात्री कधीतरी गाडी आडवी होते, स्टँडखाली एक चपटा दगड कायमचा टाकून ठेवा. जांभ्याच्या उतारावर शेवाळ धरतं, त्यावर पुढचा ब्रेक दाबलात की संपलं, तिथे ब्लीचिंग पावडर मारून अधूनमधून खराट्याने घासावं लागतं, कंटाळा करून चालत नाही.

आणि माडाखाली गाडी लावायची नाही. नारळाला डोळे असतात, माणसाच्या डोक्यात पडत नाही असं इकडे म्हणतात, पण पेट्रोलच्या टाकीबद्दल त्याला कुणी सांगितलेलं नाही. नारळ नाही पडला तरी वाळकी झावळ पडते आणि तिचा देठ चांगला जड असतो, आरसा, इंडिकेटर गेलेच समजा.

आता कागद. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, पुण्याची एमएच १२ ची गाडी रत्नागिरीची एमएच ०८ करावी लागते का? नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर तोच राहतो, एनओसी (जुन्या आरटीओचा ना हरकत दाखला) लागत नाही, रोड टॅक्स परत भरायचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, त्यासाठी आरसीवरचा पत्ता बदलायचा अर्ज म्हणजे फॉर्म ३३, परिवहनच्या पोर्टलवर भरता येतो. गाडीवर लोन असेल तर फायनान्सवाल्यांची संमती लागते आणि अर्ज बहुतेकदा तिथेच अडकतो, म्हणून ते पत्र जुन्या शहरातून निघायच्या आधीच ब्रँचमध्ये जाऊन घ्या. पत्त्याचा पुरावा म्हणून रजिस्टर्ड भाडेकरार मागतात, नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवू नका. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल आणि नवीन हाय सिक्युरिटी नंबरप्लेट अजून बसवली नसेल तर ती आधी, नाहीतर बाकीची कामं पण रखडतात.

गोवा किंवा कर्नाटक पासिंगची गाडी असेल तर गणित वेगळं. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी महाराष्ट्रात ठेवणार असाल तर नवीन नंबर घ्यावाच लागतो, आधी जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ भरून एनओसी, मग इथे टॅक्स, मग नवीन नंबर. तिकडे भरलेल्या टॅक्सचा राहिलेला भाग परत मागता येतो पण त्यासाठी जुन्या आरटीओत खेटे घालायची तयारी हवी. गाडी जुनी असेल तर मी म्हणेन तिकडेच विका आणि इथे एमएच ०८ ची सेकंडहँड बघा, फक्त सेकंडहँड घेताना नदीकाठच्या गावची असेल तर पुरात बुडाली होती का ते सरळ विचारा.

इन्शुरन्स सगळ्या देशात चालतो, तरी कंपनीला पत्ता कळवा, आणि रिन्यूअलला इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅडऑन घ्या. इतर वेळी मी पण अ‍ॅडऑनच्या विरोधात असतो, हे मात्र इथे घ्यायचंच, कारण साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन लॉक झालेलं सहसा धरत नाहीत. आरसी-लायसन डिजिलॉकरमध्ये असलं तरी घाटात रेंज नसते, एक झेरॉक्सचा सेट प्लॅस्टिकच्या पिशवीत सीटखाली असू दे.

कधी यायचं? नोव्हेंबर ते एप्रिल. जून ते सप्टेंबर टाळा, आणि गणपतीच्या आधीचा आठवडा तर टाळाच, सगळे चाकरमानी त्याच रस्त्याने येत असतात. पुण्याहून दोन सरळ रस्ते, एक सातारा, कराड, कोयनानगर करून कुंभार्ली घाटाने चिपळूण आणि तिथून संगमेश्वर, हातखंबा, दुसरा कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली. कसाही आलात तरी ३०० किलोमीटरच्या वरच. वरंधा आणि ताम्हिणी दिसायला सुंदर आहेत पण सामान बांधलेल्या गाडीवरून पहिल्या खेपेला नको, आणि वरंधा पावसाळ्यात बंदच करतात बऱ्याचदा. मुंबईकडून मुंबई-गोवा हायवेने येणाऱ्यांना काय सांगायचं, काम चालू रस्ता बंद हे बोर्ड बघतच एक पिढी मोठी झाली, डायव्हर्जनला खडी असते, स्पीड कमी ठेवा, रात्री तर येऊच नका. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिन ब्रेकने उतरा, सामानाच्या वजनात सारखा मागचा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून खाली येईपर्यंत निम्मा राहतो.

रेल्वेने पाठवायची असेल तर लगेज आणि पार्सल यातला फरक समजून घ्या. तुमचं त्याच गाडीचं तिकीट असेल तर लगेज, बाईक तुमच्याबरोबर येते. तिकीट नसेल तर पार्सल, ज्या गाडीत जागा मिळेल त्या गाडीने येते. आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आणि पॅकिंग गोणपाटाचं. पॅकिंगवाला स्टेशनबाहेर मिळतो पण तो घाईत असतो, म्हणून हेडलाईट, टाकी आणि क्लच-ब्रेकचे लिव्हर यांच्यावर आधी घरनंच जाड पुठ्ठा बांधून न्या, आरसे काढून बॅगेत टाका. इथे उतरल्यावर लगेच सोडवून घ्या, ठेवलीत तर तासावर पैसे लागतात. रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर कुवारबावकडे आहे आणि टाकी कोरडी, ढकलत न्यायला इथले रस्ते सपाट नाहीत, तेव्हा कुणाला तरी आधीच सांगून ठेवा.

गाडी आली. आता मीठ.

शोरूममध्ये टेफ्लॉन कोटिंग सुचवतील. रंगाला इथे फारसं काही होत नाही, खातं ते बोल्टना, चेनला, सायलेन्सरच्या जोडाला, स्पोकना, वायरिंगच्या कनेक्टरना. आणि सगळ्यात महागात पडतो पुढच्या शॉकअपचा रॉड. खाली बसून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, रॉडवर बारीक तपकिरी ठिपके दिसतात, टाचणीच्या डोक्याएवढे. गाडी खड्ड्यात दबली की तो खरखरीत ठिपका ऑइल सीलमधून खालीवर होतो आणि सील फाडतो, मग शॉकअपचं ऑइल गळून खाली ब्रेकपर्यंत येतं. सील बदलून उपयोग नाही, रॉड तसाच असेल तर नवीन सील पण फाटणार. उपाय काय तर आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने रॉड पुसून त्यावर पातळ ऑइलचा हात फिरवायचा, डिस्कला लागू न देता. दोन मिनिटांचं काम आहे आणि इथे कुणीच करत नाही.

धुण्याचं पाणी गोडं हवं. खाडीजवळच्या विहिरींचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं, त्याने धुतलीत तर मीठच लावलंत. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाईप चाकाच्या बेअरिंगवर आणि स्विचवर मारू देऊ नका. धुतल्यावर गाडी एक चक्कर मारून वाळवा आणि मगच कव्हर घाला, ओल्या गाडीवर रेक्झिनचं कव्हर म्हणजे आतल्या आत वाफ धरून गंज डबल, त्यापेक्षा वारा लागणाऱ्या पडवीत उघडी बरी. चेनला मॅन्युअलमध्ये ५०० किलोमीटरला ल्यूब लिहिलं असेल तर पावसात त्याच्या निम्म्यावर. बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली. समुद्राच्या वाळूत गाडी घालू नका, रील चांगली येईल, पण भरतीचं पाणी थांबत नाही आणि ओढून काढायला शेवटी गावातलेच लोक लागतात.

मे महिन्यात घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, तयारी चालते, तांदूळ, सुकी मासळी, लाकडं, त्यातच गाडीचंही उरकून घ्या. टायरची नक्षी बघा, ब्रेकपॅड-लायनर, क्लच आणि ब्रेकच्या केबलला ऑइल, हॉर्न, लाईट. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तेव्हा जुलैत मेकॅनिककडे गेलात तर लाईन असते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून गाडी आठ-पंधरा दिवस बंद ठेवून जाणार असाल तर टाकी फुल करून जा. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते, फक्त परत आल्यावर तो काढायचं लक्षात ठेवा. उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच.

पावसात रस्त्यावर एक गोष्ट नव्या माणसाला कळत नाही, ती म्हणजे मासळीच्या गाड्यांतून गळणारं पाणी. बर्फ वितळून माशाच्या तेलकट पाण्याची धार चढावर आणि वळणावर सांडते, वरून पावसाची भुरभूर आली की तो पट्टा साबणासारखा होतो. मिरकरवाडा बंदराकडच्या रस्त्याला वास आला की ओळखायचं, गाडी सरळ ठेवून चालवायची, वळणावर झुकवायची नाही, ब्रेक हळू. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उघड्यावर वारा बाजूने ढकलतो, तिथे मागे उंच बॅग बांधून जाऊ नका. आणि साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी जात असेल तर थांबा, पलीकडे एसटी गेली म्हणून आपण जायचं नसतं.

पुराचं पाणी शहराच्या वरच्या भागात येत नाही पण नोकरी चिपळूण, खेड, राजापूर किंवा चांदेराईकडे असेल तर खालच्या बाजारपेठेत गाडी लावून कोल्हापूर-पुण्याला निघून जाऊ नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा गाड्या हलवायलासुद्धा वेळ मिळाला नाही लोकांना. बुडालेली गाडी मिळाली की पहिला हात सेल्फकडे जातो, तोच आवरायचा. फोटो काढा, बॅटरी सोडा, इन्शुरन्सला कळवा, आणि प्लग, एअर फिल्टर, ऑइल बघितल्याशिवाय स्टार्ट करू नका, आत पाणी असताना किक मारली तर जे वाचणार होतं ते पण जातं.

मेकॅनिक शोधताना शोरूमच्या बोर्डपेक्षा मासळीवाले आणि पेपरवाले कुणाकडे गाडी नेतात ते विचारा, त्यांच्या गाड्या रोज खाऱ्यात असतात. साध्या कंपन्यांचे पार्ट इथे मिळतात, मोठ्या सीसीची गाडी असेल तर कोल्हापूरहून मागवावे लागतात. तेव्हा क्लच केबल, लिव्हर, ब्रेकपॅड आणि एक ट्यूब घरात असू दे.

हे सगळं ऐकून गाडी विकून यायचं मनात आलं असेल तर नका विकू. आरे-वारेचा रस्ता बाईकसाठीच आहे. आणि फेरीबोटी आहेत, जयगड-तवसाळने गुहागर, धोपावे-दाभोळने दापोली, वेसवी-बागमांडल्याने हरिहरेश्वर, पुढे दिघी-आगरदांड्याने मुरूड, हायवेला न लागता किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येतं. बोटीवर लोखंडी फळ्या ओल्या असतात, चढताना पाय खाली सोडून पहिल्या गिअरवर हळू जा, आत मेन स्टँडला लावा, नसेल तर गिअरमध्ये ठेवून गाडीपाशीच उभे राहा, घरी आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा. शेवटची फेरी किती वाजता ते जातानाच विचारून ठेवायचं, चुकली तर समोर दिसणाऱ्या दाभोळहून धोपाव्याला यायला चिपळूणवरून वळसा पडतो.