राखणीला बसण्याआधी: बंदुकीच्या टेकूची तयारी

पिकाच्या राखणीला बंदूक घेऊन बसणार असाल तर टेकूच्या आधी कागद बघा. शेतीसंरक्षण परवाना हा हत्यार बाळगण्याचा परवाना. रानडुक्कर मारायची लेखी परवानगी वेगळी, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 11 खाली वन खात्याची. अटी आणि मुदत वाचून दोन्हींच्या प्रती खिशात ठेवा. पडलेलं जनावर कलम 39 प्रमाणे सरकारजमा होतं, तेव्हा वाडीत वाटे घालायचा बेत मनातून आधीच काढा.

आता बसायची जागा ठरवा, कारण टेकू जागेवरून ठरतो. बारा बोअरच्या एल.जी. (मोठ्या छऱ्यांच्या) काडतुसाचा भरवसा 25-30 मीटरपर्यंतच, त्यामुळे डुकरांच्या वाटेपासून त्याहून लांब बसून कितीही पक्का टेकू दिला तरी जनावर जखमी होऊन रानात जाणार. जनावराच्या पाठीमागे गोळी अडवायला मऊ माती हवी. कातळावर गोळी उसळते आणि कुठे जाईल सांगता येत नाही. पलीकडे घर, गोठा किंवा पायवाट असेल तर ती जागा सोडा.

माळ्यावर, म्हणजे झाडाला बांधलेल्या मचाणावर, बसणार असाल तर वेगळा टेकू विकत घ्यायची गरज नाही, पुढची आडवी काठीच टेकू. ती मांडी घालून बसल्यावर दस्ता (बंदुकीचा मागचा लाकडी भाग) खांद्याला लागेल आणि मान वाकणार नाही अशा उंचीला बांधा. मापं पुस्तकातली नकोत, ज्याने बसायचं त्यालाच बसवून घ्या. माळा माडाला बांधू नये. वारा सुटला की माड डुलतो आणि त्याबरोबर नेमही. आंब्याची जाड बेचकी बरी. बांबूवर बांबू घासला की कुरकुरतो आणि डुकराचे कान तिखट, म्हणून प्रत्येक जोडात गोणपाटाची पट्टी घालूनच काथ्या आवळा.

जमिनीवर बसायचं तर तिकाटणं, म्हणजे वर एकत्र बांधलेल्या तीन काठ्या. बाजारातल्या अॅल्युमिनियमच्या काठ्या हलक्या खऱ्या, पण दगडाला लागल्या की वाजतात आणि खाऱ्या हवेत त्यांचे सांधे अडकतात. आपल्या कोकणातला माणगा बांबू भरीव असतो, तो यासाठी उत्तम. तीन वर्षं जुनी, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची काठी पावसाळा सरल्यावर तोडा आणि दोन आठवडे व्हाळाच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवा. नाहीतर भुंगा लागून वर्षभरात पीठ पडायला लागतं. बसून नेम धरायला साधारण एक मीटर लांबीच्या तीन काठ्या पुरतात. वरून 15 सेंटिमीटर सोडून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधा. काथ्या इथे नको, तो भिजला-सुकला की बांध सैल पडतो. वरच्या बेचक्यालाही तीच पट्टी गुंडाळा.

कातळावर शेवाळ असेल तर काठी सरकते. मेडिकलमध्ये मिळणारी कुबडीची रबरं टोकांना बसवा. भाताच्या मळ्यात उलटं, तिथे टोकं रुततात आणि नेम हळूहळू खाली जातो. टोकापासून चार बोटं वर भोक पाडलेली करवंटी पक्की बसवली की काठी तिथेच थांबते.

सगळ्यांत जास्त चूक होते ती बंदूक टेकवण्यात. नळी कधीही काठीवर, फांदीवर टेकवू नका. बार उडताना नळी कडक आधारावरून उसळते आणि गोळी वर जाते. नळीखालचं लाकूड टेकवा, तेही मध्ये पिशवी किंवा निदान हाताचा पंजा घालून. ईशापूरची .315 रायफल असो की एकनळी, नियम एकच.

पिशवी जुन्या जीन्सच्या पायाची शिवा, दुहेरी टाक्याने. दोन लिटरच्या पिशवीत वाळू भरली तर तीन किलोंच्या आसपास ओझं होतं, शिवाय किनाऱ्यावरची वाळू खारी. ती ओल धरते आणि बंदुकीला गंज चढवते. तूस फार हलका, पिशवी जागेवर राहत नाही. त्यापेक्षा सालीसकट सुकं भात भरा, किलो-सव्वा किलोत काम होतं. पाऊण पिशवीच भरा, गच्च भरलेल्या पिशवीत लाकूड बसत नाही. अशीच एक छोटी पिशवी दस्त्याखाली घ्या. निम्मी डळमळ तिथेच जाते. तोंड मात्र घट्ट शिवा, नाहीतर उंदीर आधी येतील.

हे सगळं दिवसाउजेडी, बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून, त्याच जागेवर आजमावा. माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी) ठरलेल्या जागेवर धरून एक मिनिट बसा. ती गोल फिरत असेल तर टेकू उंच आहे किंवा कोपर अधांतरी. वरखाली होत असेल तर तो तुमचा श्वास, त्याला पिशवी काही करणार नाही. मग डोळे मिटा, उघडा. माशी बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका, बूड सरकवा. टॉर्च लावायची असेल तर ती नळीला बांधूनच हे सगळं करा, तिच्या वजनाने तोल पुढे जातो. माळ्यावर चढता-उतरताना बंदूक रिकामी, वर पोचल्यावर दोरीने ओढून घ्यायची, तोंड खाली.