क्रूझवर बाल्कनीसाठी जादा पैसे मोजावेत का?

ठाण्याहून मुंबईच्या क्रूझ धक्क्याला, बॅलार्ड पिअरला निघण्याआधीच हिशोब उरका. जादा रक्कम बहुतेकदा माणशी सांगतात. समजा फरक ५,००० असेल, तर दोघांचे १०,००० झाले. त्याला केबिनमध्ये जागेपणी, उजेडात घालवाल त्या तासांनी भागा. दोन रात्रींत असे चारच तास मिळणार असतील, तर तासाला २,५०० रुपये! मग आतलीच, बिनखिडकीची केबिन घ्या. सोबत दुपारी आडवे होणारे आजी-आजोबा असतील, तर मात्र खिडकी हवीच.

बोट लागत असेल तर वरची महागडी बाल्कनी उलट त्रासाची, कारण वरच्या मजल्यांवर डोलणं जास्त जाणवतं. खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर घ्या. पैसे भरण्याआधी डेकचा नकाशा उघडाच. डोक्यावर पोहण्याचा तलाव असला की सकाळी खुर्च्या ओढल्याचा खरखराट झोपू देत नाही, आणि खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असेल तर समुद्राऐवजी तिचं बूडच दिसतं.